चार पायांचा पोहणारा

सॅन फ्रान्सिस्कोच्या पिअर ३९ वर समुद्रसिंह दिसण्याआधी ऐकू येतात, आणि ऐकू येण्याआधी त्यांचा वास येतो. मासळी, ओले केस, शेवाळलेले लाकूड आणि उन्हात तापलेली विष्ठा यांचा मिळून झालेला तो वास कोकणात खाडीकाठी वाढलेल्या माझ्यासारखीला परका वाटला नाही. १९८९ च्या भूकंपानंतरच्या हिवाळ्यात या प्राण्यांनी तिथल्या होड्यांच्या धक्क्यांवर मुक्काम ठोकला आणि मग तो त्यांचाच झाला. तरंगत्या लाकडी फळ्यांवर एकमेकांच्या अंगावर रेलून ते पडलेले होते. कोणी जागेसाठी भांडत होते, कोणी डोके आभाळाकडे करून ओरडत होते. मी बहिणीबरोबर कठड्याला टेकून उभी होते. तेवढ्यात अगदी जवळच्या फळीवरच्या एका मादीने डोळे मिटलेले असतानाच अंग वळवले, मागचा फ्लिपर, म्हणजे आपण सहज शेपटीचा भाग समजू असा तो चपटा, काळा, ओला अवयव, पुढे आणला, त्याची लोंबती टोके मागे दुमडली आणि आतून उघड्या पडलेल्या नखांनी स्वतःची मान खाजवली. बराच वेळ, समाधानाने, अंगणात पडलेला कुत्रा खाजवतो तशी. लोकांचे लक्ष भांडणाऱ्या नरांकडे होते. बहीण पुढे चालू लागली. मी मात्र ती नखे पाहून जागीच थांबले.

तशी ही गोष्ट काही गुपित नाही. समुद्रसिंहाच्या मागच्या फ्लिपरमधल्या तीन बोटांना चांगली कामाची नखे असतात आणि अंग विंचरण्यासाठी तो ती वापरतो. मात्र ती जिथे असायला हवीत तिथे, म्हणजे टोकाला, नसतात. बोटांच्या पुढे कूर्चेची आणि कातडीची पट्टी वाढत गेली, वल्हे लांब झाले आणि नखे मध्येच कुठेतरी मागे राहून गेली. पुढच्या फ्लिपरवर तर ती इतकी बारीक उरली आहेत की शोधावी लागतात. जमिनीवरच्या कोणत्या तरी पूर्वजाची ही खूण आहे, एवढे कळायला प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. मला खटकत राहिले ते वेगळेच. या नखांचा मूळ मालक कोण होता? ती जेव्हा बोटांच्या टोकाला होती, मातीत रुतत होती, त्या वेळी हा प्राणी दिवसभर काय करत होता? कुठल्या पाण्याच्या काठाशी उभा होता? सील, समुद्रसिंह आणि वॉलरस यांच्या आधीच्या नातलगांविषयी मी वाचू लागले ते या कुतूहलापोटी. त्या वाचनात मला जो प्राणी भेटला त्याचे नाव पुयीला.

कॅनडाच्या अगदी उत्तरेला, नुनावुत प्रांतात, ७५ अंश अक्षांशाजवळ डेव्हन बेट आहे. जगातले सर्वांत मोठे निर्मनुष्य बेट म्हणून ते ओळखले जाते. तिथे झाड नाही, गवतही तुरळक; दगडगोट्यांचा करडा, कोरडा, वाऱ्याने झोडपलेला प्रदेश आहे. त्या बेटावर हॉटन नावाचे विवर आहे. फार पूर्वी आकाशातून आलेल्या एका धोंड्याने ते कोरले. आपल्या लोणारच्या काठावर उभे राहून ज्यांनी खाली पाहिले आहे त्यांना अशा आघाताची थोडी कल्पना येते, पण लोणारचा व्यास १.८ किलोमीटर आहे आणि हॉटनचा सुमारे २३. ही जागा इतकी ओसाड आहे की मंगळावर माणूस कसा वावरेल याचा सराव करण्यासाठी नासाशी संबंधित संशोधक १९९७ पासून तिथे तळ देत आले आहेत. आणि याच खड्ड्यात एकेकाळी गोड्या पाण्याचे सरोवर होते, काठाने झाडी होती, पाण्यात मासे होते, वर हंसाच्या जातीचे पक्षी उतरत होते. हे सारे आजपासून २.१ ते २.४ कोटी वर्षांपूर्वीचे, मायोसीन कालखंडाच्या आरंभीचे. उन्हाळे सौम्य असत. अक्षांश मात्र तेव्हाही उत्तरेकडचाच होता. उन्हाळ्यात सूर्य मावळत नसे, आणि हिवाळ्यात महिनोन्महिने उगवत नसे.

२००७ च्या उन्हाळ्यात कॅनेडियन म्युझियम ऑफ नेचरच्या नतालिया रिबचिन्स्की आपल्या तुकडीसह या विवरात जीवाश्म शोधत होत्या. एके दिवशी त्यांच्या गाडीतले इंधन संपले. इंधन आणायला कोणी तरी तळाकडे चालत गेले, मागे थांबलेल्यांपैकी एका विद्यार्थिनीने पायाने माती उकरता उकरता एक हाड पाहिले, आणि त्या एका हाडामागून जवळजवळ एक अख्खा प्राणी बाहेर आला. वर्तमानपत्रांना ही हकीगत फार आवडली आणि का आवडावी हे समजण्यासारखे आहे. संपलेल्या इंधनाने विज्ञानाला एक प्राणी मिळवून दिला, असे सांगता येते. पण मला या योगायोगापेक्षा त्याच्या आधीचे आणि नंतरचे काम मोठे वाटते. आधीचे म्हणजे, पिट्सबर्गच्या कार्नेगी म्युझियमच्या मेरी डॉसन यांनी १९८० च्या दशकातच या सरोवराच्या गाळात खोदकाम केले होते आणि इथे सस्तन प्राण्यांची हाडे मिळतात हे दाखवून दिले होते; त्या वाटेवर पाऊल आधीच पडले होते म्हणून ती गाडी तिथवर गेली. नंतरचे म्हणजे, हाती आलेल्या सांगाड्यावर समाधान न मानता २००८ मध्ये ती तुकडी त्याच जागी परतली, पुन्हा गाळ चाळला आणि कवटीचा मेंदूभोवतालचा भाग मिळवला. तो मिळाला नसता तर या प्राण्याचे नाते सांगणे फार अवघड झाले असते. उणे तापमानाच्या प्रदेशात, एकाच ठिकाणी वाकून, मुठीमुठीने माती पाहणाऱ्या माणसांचे हात मला त्या गाडीपेक्षा जास्त आठवतात.

एप्रिल २००९ मध्ये रिबचिन्स्की, डॉसन आणि न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतले रिचर्ड टेडफर्ड या तिघांनी 'नेचर' नियतकालिकातून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नाव ठेवले पुयीला डार्विनी. पहिला शब्द तिथल्या इनुइट लोकांच्या भाषेतला, तरुण समुद्री सस्तन प्राण्यासाठी, बहुधा सीलसाठी वापरला जाणारा. दुसरा डार्विनच्या सन्मानार्थ, कारण त्या वर्षी त्याच्या जन्माला २०० वर्षे होत होती. हाडे काळपट तपकिरी रंगाची आहेत आणि सांगाड्याचा सुमारे ६५ टक्के भाग मिळाला आहे, जे एवढ्या जुन्या प्राण्याच्या बाबतीत भाग्यच म्हणायचे. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याची लांबी सुमारे ११० सेंटिमीटर. शरीर लांबट, पाय आखूड पण दणकट, शेपूट लांब. फ्लिपर नाहीत. चार पाय, त्यांना बोटे, बोटांना नखे. बोटांची हाडे मात्र किंचित चपटी आहेत आणि त्यावरून बोटांमध्ये पडदा असावा असे संशोधक मानतात. खांद्याच्या आणि दंडाच्या हाडांवर स्नायू धरण्यासाठीचे उंचवटे ठळक आहेत. शेपूट पोहण्यासाठी खास घडलेली नव्हती. म्हणजे हा प्राणी चारही पायांनी पाणी मागे लोटत पोहत असे, आणि पाण्याबाहेर आल्यावर त्याच चार पायांवर चालू लागत असे.

हे वर्णन पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर बर्फाळ बेट आले नाही, आमची खाडी आली.

आजोळच्या घरामागे कांदळवनातून एक चिंचोळी वाट पाण्याकडे जात असे. ओहोटीच्या वेळी चिखल उघडा पडला की त्यावर पाणमांजरांच्या पावलांचे ठसे दिसत. पाच बोटांचे, पडद्याची फिकट रेघ असलेले, आणि त्यांच्या मधून ओढत गेलेल्या शेपटीचा माग. काठच्या एका सपाट दगडावर त्यांची विष्ठा असे, माशांच्या खवल्यांनी आणि कुर्ल्यांच्या कवचांच्या तुकड्यांनी चमचमणारी. मामा ती दाखवून सांगत असे की आज कोणत्या बाजूला जाळे टाकायचे ते यांनीच ठरवले आहे. प्रत्यक्ष प्राणी मात्र क्वचितच दिसत. दिसले तर तिन्हीसांजेला, तीन-चार गुळगुळीत डोकी पाण्यावर सरकताना. मग एखादे काठावर चढे, अंग झटकून केस उभे करी आणि क्षणात गवतात नाहीसे होई. गोव्यात चोडण बेटावरच्या कांदळवनात, मांडवीच्या काठी, आजही पाणमांजरांचे कळप आहेत. पाण्यात त्यांची चाल इतकी सहज असते की हा प्राणी जमिनीवर चालतो हे खरे वाटत नाही, आणि जमिनीवर ते असे धावतात की ते पोहतात यावर विश्वास बसत नाही. हॉटनच्या काठावरचा पुयीला दुरून पाहिला असता तर कोकणातल्या कोणत्याही माणसाने त्याला पाणमांजरच म्हटले असते.

मग तो सीलच्या घराण्यातला कशावरून? उत्तर त्याच्या डोक्यात आहे. कवटी, टाळूची रचना, दातांची ठेवण, मागच्या दाढांचे आखडत गेलेले आकार, हे सारे सीलच्या बाजूचे आहे. आणि त्यातली एक गोष्ट मला सर्वांत जास्त हलवून गेली. डोळ्याच्या खोबणीच्या पुढे, वरच्या जबड्याच्या हाडात, एक भोक असते. त्यातून चेहऱ्याच्या संवेदना नेणारी मज्जातंतूंची जुडी बाहेर येते. पुयीलाचे हे भोक मोठे आहे. भोक मोठे म्हणजे जुडी जाड, आणि जुडी जाड म्हणजे मिशा संवेदनक्षम. आजचा सील डोळे झाकले तरी, पाण्यातून आधीच निघून गेलेल्या माशाने मागे सोडलेली हालचाल मिशांनी ओळखत त्याचा माग काढू शकतो, हे प्रयोगांनी दाखवले आहे. गढूळ पाण्यात, रात्री, बर्फाखालच्या काळोखात त्याचे पोट मिशांवर चालते. त्या सामर्थ्याची सुरुवात फ्लिपर येण्याच्या कितीतरी आधी झालेली होती. हातपाय अजून जमिनीचे होते आणि चेहरा पाणी वाचायला शिकत होता.

याला दुजोरा देणारी आणखी एक गोष्ट युरोपातून आली. पोटॅमोथेरियम नावाचा एक लांबट, आखूड पायांचा प्राणी फ्रान्समधल्या जीवाश्मांतून १८३३ पासून ठाऊक आहे. गेली दीडशे वर्षे बहुतेकांनी त्याला पाणमांजरांच्या कुळात बसवले होते. अलीकडे तो सीलच्या आद्य नातलगांपैकी असावा असे मत बळावले. २०२३ मध्ये संशोधकांनी त्याच्या आणि इतर मांसभक्षकांच्या कवट्यांच्या आतल्या पोकळीवरून मेंदूचे ठसे तपासले. मेंदूचा जो भाग तोंड आणि मिशांच्या संवेदना सांभाळतो तो पोटॅमोथेरियममध्ये वाढलेला आढळला, आजच्या सीलच्या वळणावर जाणारा. हाडांचा सांगाडा पाणमांजराचा वाटावा आणि मेंदूचा ठसा सीलची भाषा बोलावा, हे मला विलक्षण वाटते. प्राण्याला ओळखायला आपण त्याचे पाय पाहतो. त्याचे मन कुठे गुंतले होते ते मात्र कवटीच्या आत, जिथे मऊ ते सारे केव्हाच नाहीसे झाले, तिथल्या रिकाम्या जागेवर उमटून राहिलेले असते.

पुयीलाच्या आयुष्याचा विचार करताना मी हिवाळ्यापाशी येऊन अडखळते. उन्हाळ्यात सगळे ठीक होते. सरोवरात मासे होते, काठाला ससे आणि चिचुंद्रीच्या जातीचे प्राणी होते, आणि उजेड संपत नव्हता. पण उत्तरेकडच्या उथळ गोड्या पाण्याचे हिवाळ्यात काय होते? ते गोठते. खारे पाणी गोठायला जास्त थंडी लागते. संशोधकांनी मांडलेला तर्क असा की सरोवर गोठले की पुयीलासारखे प्राणी अन्नासाठी जमीन ओलांडून समुद्राकडे जात असतील, आणि गोड्या पाण्यापासून खाऱ्या पाण्यापर्यंतचा हा कुळाचा प्रवास अशा गरजेच्या फेऱ्यांतून घडला असेल. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. तरी मला तो मनापासून पटतो, कारण त्यात कोणी समुद्र जिंकायला निघत नाही. एक भुकेला प्राणी आपल्या आखूड पायांनी दगडगोट्यांतून चालत जातो आणि पुन्हा वसंतात आपल्या तळ्याकडे परततो, एवढेच. त्याच्या शेकडो पिढ्यांनी तेच केले असेल, आणि कुठल्या तरी पिढीला परतायची गरज वाटली नसेल. विशेष म्हणजे आज सैबेरियातल्या बैकल सरोवरात सीलची एक जात बारा महिने गोड्या पाण्यात राहते. सरोवर गोठले की ते सील बर्फात श्वासाची छिद्रे राखून खालच्या काळोखात हिवाळा काढतात. ज्या अडचणीने पुयीलाला कदाचित घराबाहेर काढले, तीच अडचण सोसण्याचे बळ घेऊन त्याच्या कुळातले कोणी पुन्हा तळ्यात राहायला आले.

डार्विनचे नाव या प्राण्याला देण्यामागे जयंतीच्या वर्षापेक्षा खोल कारण आहे. जमिनीवरचा एखादा प्राणी आधी उथळ पाण्यात, मग ओढ्यांत आणि तळ्यांत अधूनमधून भक्ष्य शोधत अखेर खुल्या समुद्रात वावरणारा होऊ शकेल, असे त्याने 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथात लिहून ठेवले होते. ओढे आणि तळी हा मधला टप्पा त्याने तर्काने सांगितला. सीलच्या बाबतीत तळ्याच्या गाळातला सांगाडा यायला २००७ साल उजाडावे लागले. त्याआधी, त्याच ग्रंथाच्या १८५९ च्या पहिल्या आवृत्तीत त्याने उत्तर अमेरिकेतल्या एका काळ्या अस्वलाचे उदाहरण दिले होते. ते तोंड उघडे ठेवून तासन्‌तास पोहत पाण्यावरचे किडे पकडताना पाहिले गेले होते, आणि अशा अस्वलांपासून देवमाशासारखा प्राणी घडण्यात आपल्याला काही अडचण दिसत नाही, असे त्याने म्हटले. लोकांनी त्याची इतकी चेष्टा केली की पुढच्या आवृत्त्यांत त्याने तो मजकूर छाटला. देवमाशांच्या बाबतीत ते अस्वल चुकीचे ठरले. त्यांचे पूर्वज खुरांच्या प्राण्यांशी जोडलेले आहेत आणि त्या नात्याचा एक महत्त्वाचा दुवा, इंडोह्यूस, भारतातला आहे. जम्मूच्या कालाकोट परिसरात भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेल्या दगडांतून तो बाहेर आला आणि २००७ मध्येच त्याचे महत्त्व जगापुढे मांडले गेले. सीलचे घराणे मात्र मांसभक्षकांच्या त्याच मोठ्या शाखेवर बसते जिच्यावर अस्वले आणि पाणमांजरे बसतात. छाटलेल्या त्या अस्वलाविषयी मला ममता वाटते. ते चुकीच्या प्राण्यासाठी वापरले गेले, इतकाच त्याचा दोष.

पण पुयीला सीलचा पूर्वज नव्हता.

हे नीट सांगायला हवे, कारण बातम्यांत ते हरवते. पुयीला ज्या काळात हॉटनच्या तळ्यात पोहत होता, त्या काळापर्यंत पॅसिफिकच्या किनाऱ्यावर सीलच्याच घराण्यातला, फ्लिपर असलेला एनॅलिआर्क्टोस नावाचा प्राणी अस्तित्वात आलेला होता. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफिल्डजवळ पिरॅमिड हिल नावाची टेकडी आहे, जिथे जुन्या समुद्रतळाचे थर उघडे पडले आहेत. तिथल्या कवटीवरून एडवर्ड मिचेल आणि टेडफर्ड यांनी १९७३ मध्ये एनॅलिआर्क्टोसचे वर्णन केले. पुढे जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला आणि १९८९ मध्ये ॲनालिसा बर्टा आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की त्याचे पुढचे-मागचे दोन्ही पाय वल्ह्यांत बदललेले होते. आजचे समुद्रसिंह पुढच्या फ्लिपरने पोहतात, सील मागच्या. एनॅलिआर्क्टोस दोन्ही वापरत असे, पाठीच्या कण्याची हालचालही. दाढा मात्र अजून जमिनीवरच्या शिकाऱ्यासारख्या मांस कापणाऱ्या होत्या, आणि त्यामुळे तो शिकार काठावर आणून खात असावा असे मानले जाते. तेव्हा पुयीला हा पणजोबा ठरत नाही. पणजोबाचे रूप जपून दूर उत्तरेला राहिलेली ती एक फांदी आहे. टेडफर्ड यांच्याविषयी मला इथे थांबून लिहावेसे वाटते. १९७३ मध्ये त्यांनी फ्लिपरवाल्याची कवटी ओळखली आणि ३६ वर्षांनी, आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात, पायवाल्याच्या लेखावरही त्यांचे नाव आहे. २०११ मध्ये ते गेले. एनॅलिआर्क्टोसच्या एका जातीला त्यांचे नाव दिलेले आहे. एकाच घराण्याच्या दोन टोकांना एका माणसाचा हात लागावा, हे वाचताना मला भरून आले.

पूर्वज नाही म्हटल्यावर अनेकांचा रस ओसरतो. माझा वाढला. ज्याला हरवलेला दुवा म्हणून मिरवतात त्याच्याकडे आपण त्याच्यासाठी पाहतच नाही. त्याच्या मागे काय होते आणि पुढे काय आले यांच्यामधली एक पायरी म्हणून पाहतो. जणू तो सील होऊ पाहत होता आणि अर्ध्यावर राहिला. पुयीलाला कुठेच जायचे नव्हते. त्याचे चार पाय अपुरे फ्लिपर नव्हते. जिथे उन्हाळ्यात पोहायचे आणि हिवाळ्यात चालायचे आहे तिथे तेच योग्य अवयव होते, आणि फ्लिपरवाला एनॅलिआर्क्टोस त्या तळ्यावर आणून सोडला असता तर पहिल्या गोठणाऱ्या हिवाळ्यातच त्याचे हाल झाले असते. आपल्याकडे माणसांनाही आपण असेच मोजतो. मामा आयुष्यभर अर्धा शेतकरी आणि अर्धा मासेमार राहिला. पावसात भात, उन्हाळ्यात खाडी. शहरातल्या नातलगांना तो नेहमी कुठेतरी पोहोचायचा राहून गेलेला माणूस वाटे. त्या काठावर मात्र त्याच्याइतके नेमके जगणे दुसऱ्या कुणाला जमले नाही, आणि हे मी त्याच्या हयातीत त्याला कधी सांगितले नाही याचे मला दुःख आहे.

आणि खरे पाहिले तर आजचे सीलही त्या काठावरून पूर्ण निघून गेलेले नाहीत. देवमाशांनी जमिनीशी संबंध तोडला. त्यांची पिल्ले पाण्यातच जन्मतात. सील, समुद्रसिंह आणि वॉलरस मात्र बाळंतपणासाठी किनाऱ्यावर किंवा बर्फावर येतात. हत्तीसील दीड किलोमीटरहून खोल बुडी मारतो, महिनोन्महिने जमीन न पाहता राहतो, आणि तरी पिल्लू द्यायला त्याच्या मादीला वाळूवर अवजड अंग फरफटत यावेच लागते. उत्तर अटलांटिकमधली हूडेड सील तरंगत्या बर्फावर पिल्लाला केवळ चार दिवस पाजते. दुधात जवळजवळ ६० टक्के चरबी असते आणि चार दिवसांत पिल्लाचे वजन दुपटीच्या जवळ जाते; कोणत्याही सस्तन प्राण्याचे पाजणे इतक्या लवकर संपत नाही. बर्फ फुटण्याच्या आत सारे आटोपायचे असते. समुद्रसिंहांची रीत उलटी. मादी काही दिवस समुद्रात भक्ष्य शोधते, मग किनाऱ्यावर परतते, शेकडो पिल्लांच्या कालव्यातून आपल्या पिल्लाचा आवाज ओळखते, पाजते, पुन्हा जाते, आणि हे कित्येक महिने चालते. तिच्या पिल्लांना पोहणेही हळूहळू, खडकांमधल्या उथळ डबक्यांत सराव करत शिकावे लागते. हे वाचल्यापासून मला समुद्र आणि जमीन यांच्यामधली ती ये-जा संपलेली वाटत नाही. पुयीला वर्षातून जी फेरी करत असेल, ती याच येरझारेचे आधीचे रूप आहे.

हॉटनच्या गाळाने अलीकडे पुन्हा तोंड उघडले आहे. १९८६ मध्ये मेरी डॉसन यांनी तिथून एका गेंड्याची हाडे आणली होती. त्या २०२० मध्ये वारल्या. गेंड्याचे सविस्तर वर्णन २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. सांगाड्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग मिळालेला हा प्राणी आजच्या भारतीय गेंड्याएवढा होता आणि त्याला शिंग नव्हते. पुयीला ज्या पाण्यात मासे धरत असे त्याच पाण्याच्या काठावर तो पाला खात उभा असेल. त्याच वर्षी, त्याआधी काही महिने, दुसऱ्या संशोधकांनी याच गेंड्याच्या दाताच्या इनॅमलमधून प्रथिनांचे तुकडे मिळवले. डीएनए इतका काळ टिकत नाही. पण दोन कोटींहून अधिक वर्षांनंतरही, कायम गोठलेल्या त्या जमिनीच्या कृपेने, इनॅमलच्या स्फटिकांत अडकलेली प्रथिने शाबूत होती, आणि त्यांवरून गेंड्यांच्या वंशवृक्षावर त्याची जागा ठरवता आली. पुयीलाच्या जबड्यातही दात आहेत. ते त्याच गाळातून, त्याच थंडीतून आलेले आहेत. तो सीलच्या किती जवळचा, पोटॅमोथेरियम त्याचा सख्खा की चुलत, हे वाद आजवर हाडांच्या उंचवट्यांवर आणि दाढांच्या ठेवणीवर चालत आले. इनॅमलचा नमुना घ्यायचा म्हणजे दाताचा एक कण खर्ची घालणे, आणि जगात पुयीलाचा सांगाडा एवढा एकच प्रसिद्ध झालेला आहे. तो कण काढावा की नाही, हे ठरवणाऱ्यांच्या जागी मी असते तर मी आधी फार घाबरले असते आणि मग होकार दिला असता.